डॉक्टरांचं इरलं

आमचे डॉक्टर पावसाळ्यात इरलं पांघरून दवाखान्यात यायचे. भातलावणीला वाकलेल्या बाया पाठीवर घेतात तेच, बांबूच्या कामट्यांचं आणि वाळक्या पानांचं. खाली कडक इस्त्रीची पांढरी विजार, पायात गमबूट आणि डोक्यापासून कमरेपर्यंत हे असलं ध्यान. मुंबईहून हवापालटाला आलेली मंडळी रस्त्यात थांबून बघायची. मी लोणावळ्याला नर्स म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांना दारात अडवलं होतं. "बाबा, पेशंटनी मागच्या दारानं जायचं, तिथं रांग आहे," असं चांगलं ठणकावून सांगितलं. ते मुकाट्यानं मागे गेले, रांगेत उभे राहिले आणि नंबर आल्यावर आत जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मी केसपेपर घेऊन आत गेले तर समोर हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र म्हणाले, "रांग फार हळू सरकते, सिस्टर. काहीतरी केलं पाहिजे."

इरल्याचं कारण मला पुढे कळलं. छत्री धरायची म्हणजे मूठ आवळायची. आमच्याकडच्या वाऱ्यात मैलभर छत्री सांभाळली की मूठ नुसती आवळून भागत नाही, झुंजावं लागतं. मग तासभर बोटं बारीक थरथरत राहतात. इरल्याला हात लागत नाहीत. डॉक्टर दोन्ही हात खिशात घालून, जणू दुसऱ्याची ठेव सांभाळल्यासारखे, पावसातून चालत यायचे. बादली उचलायचे नाहीत, बरणीचं झाकण उघडायचे नाहीत, हस्तांदोलन करायची वेळ आली तर नमस्कार करून मोकळे व्हायचे. चहा सोडलेला. मी एकदा म्हटलं, "ऑपरेशनच्या दिवशी नका घेऊ, एरवी काय हरकत आहे?" तर म्हणाले, "हात कापला गेलेला माणूस आगाऊ कळवून येत नाही, सिस्टर."

आमचं इस्पितळ लहान, ट्रस्टचं. हर्निया, अपेंडिक्स, मोडलेली हाडं, घाटातले अपघात, हे रोजचं काम. ते सगळं डॉक्टर नीट करायचे, पण त्यांचा जीव अडकला होता बारीक रक्तवाहिन्यांत. काडेपेटीतल्या काडीएवढ्या, कधी त्याहून बारीक. तशी नस तुटली की सर्रास बांधून टाकायची पद्धत होती. रक्त थांबलं, माणूस वाचला, पुढचं पुढे. डॉक्टरांचं म्हणणं, ती शिवता येते. परदेशात त्या सुमाराला हे काम सूक्ष्मदर्शकाखाली सुरू झालं होतं आणि त्याची मासिकं आमच्याकडे टपालानं तीन-तीन महिने शिळी होऊन यायची. सूक्ष्मदर्शक आमच्याकडे कुठला? डॉक्टरांनी बाजारातल्या घड्याळजीला गाठलं. त्याच्याकडून दोन नाजूक चिमटे घेतले आणि त्याची भिंगं चष्म्याच्या फ्रेमला बसवून घेतली. असे दोन चष्मे केले. एक स्वतःला, एक मला. "शिवणाऱ्याला दिसतं ते हत्यारं देणाऱ्यालाही दिसलं पाहिजे," म्हणाले. तो चष्मा नाकावर इतका जड व्हायचा की मला संध्याकाळपर्यंत नाकाला वळ उठायचे.

शिवायचा खरा धागा दुर्मीळ. बारीक नायलॉनचा, सुईलाच जोडलेला, केव्हातरी परदेशातल्या एखाद्या मित्राकडून यायचा. तो पेशंटसाठी राखलेला. सरावासाठी डॉक्टर केस वापरायचे. बाईमाणसाचा लांब केस, मोती ओवायच्या सुईत घातलेला. त्यामुळे सकाळी राउंडला आले की आम्हा नर्सेसना पहिला प्रश्न, "सिस्टर, केस आहे का?" तळेगावहून आलेल्या एका नव्या मुलीनं याचा भलताच अर्थ घेतला आणि मेट्रनकडे तक्रार नेली. मेट्रननं शांतपणे आपल्या फणीतला केस काढून तिच्या हातावर ठेवला, म्हणाली, "जा, देऊन ये. माझा आखूड पडतो म्हणतात." माझे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते. त्या दवाखान्यात माझी सुरुवातीची पत होती ती त्या केसांमुळेच, कामामुळे नव्हे.

आणि सराव कशावर? कोंबडीच्या तंगडीवर. तिच्यात आत एक नस असते, माणसाच्या बोटातल्या नसेला जवळची. डॉक्टर शुद्ध शाकाहारी, जन्मात अंडं न खाल्लेले. ते दर शनिवारी खाटकाच्या दुकानापुढे डबा घेऊन उभे राहायचे. गावात बोभाटा झाला की डॉक्टर चोरून खातात. त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनी तर काम सोडलं. कुणी समजूत घालायला गेलं की डॉक्टर म्हणायचे, "त्यांचं बरोबर आहे. डब्यात तंगडी असते हे खरंच आहे ना?"

पुण्याहून आमच्याकडे एक तरुण सर्जन आले होते. त्यांना आम्ही धाकटे डॉक्टर म्हणायचो. शनिवारी दुपारी टेबलावर पांढरं फडकं पसरून थोरले, धाकटे आणि मी असे तिघं बसायचो. नसेच्या नळीचं कापलेलं तोंड गोल असतं. त्याच्या काठावर सारख्या अंतरावर तीन टाके घालायचे आणि तिन्ही धागे हलके ताणून धरायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो. मग एकेक बाजू शिवायची. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढच्या भिंतीला टाका घालताना सुईत मागची भिंत येणं. बाहीला ठिगळ लावताना खालचा पदर सुईत आला की बाही बंद होते, तसंच. वरून शिवण सुंदर दिसते आणि आतून वाट बुजलेली असते. मी लहानपणी आईचं बघून बाहीत लाटणं घालून शिवायचे. हे सांगितल्यावर डॉक्टर इतके खूष झाले की पुढे महिनाभर चिमट्याचं बोथट टोक नळीत सरकवायला "लाटणं घाला" म्हणायचे.

टाका जरा वाकडा गेला तरी त्यांचा एकच शब्द, "उसवा." रागानं नाही, अगदी पाणी मागावं तसं. धाकटे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "सर, चालून जाईल इतपत." डॉक्टर म्हणाले, "कुणाला चालून जाईल? तुम्हाला की रक्ताला?" आणि स्वतःचा टाका त्याहून कितीतरी चांगला होता, तोही उसवला.

या वेडाचं मूळ काय ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांच्याकडे घाटातल्या रेल्वेवरचा एक गडी आला होता, मनगटाशी चिरडलेला हात घेऊन. डॉक्टरांनी नसा बांधल्या, जीव वाचवला आणि चौथ्या दिवशी काळा पडलेला हात काढला. पुस्तकात लिहिलेलं तेच. तो माणूस पुढे बाजारात दिसला की लांबून थांबायचा आणि उरलेला एक हात छातीशी नेऊन मान लववायचा. "तो नमस्कार करतो, सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "आणि मला ते बघवत नाही." त्यापुढे त्यांनी मासिक उघडलं आणि मीही उठले.

ठकूबाई आली ती भातकापणीच्या दिवसांत. मळवलीला एका बंगल्याची राखण ती आणि तिचा नवरा करायचे, शिवाय दोन खाचरं भात. मालक येणार म्हणून स्टुलावर चढून खिडक्या पुसत होती. स्टूल सरकलं आणि उजवा हात काचेतून आरपार गेला. मनगटाशी दोन्ही नसा तुटल्या होत्या, करंगळीकडची आणि अंगठ्याकडचीही. नवऱ्यानं धोतर फाडून आवळून बांधलं आणि दुधाच्या गाडीतून आणलं. हात गार, नखं मेणासारखी पांढरी.

"डाक्टर, जीव वाचवा म्हंजी झालं," नवरा म्हणाला. "हात गेला तरी चालंल."

"तुजा गेला तरी चालंल," ठकूबाई स्ट्रेचरवरून म्हणाली. "माजा न्हाई चालनार. कापनी हाय."

डॉक्टर तिच्याकडे बघून हसले. मग मला म्हणाले, "धागा काढा. खरा."

काखेत इंजेक्शन देऊन हात बधिर केला होता, म्हणजे बाई टक्क जागी. मध्ये हिरव्या कापडाचा आडपडदा. पलीकडून ती बोलत होती, अलीकडे डॉक्टर करंगळीकडची नस शिवत होते. समोर धाकटे डॉक्टर, बाजूला मी. नसेला दोन्हीकडून छोटे चाप लावलेले, आतून रक्त न गोठण्याच्या औषधाच्या पाण्यानं धुतलेली. तीन टाके झाले, त्रिकोण झाला. खोलीत घड्याळाखेरीज आवाज नाही, आणि ठकूबाई.

"सिस्टरताई, हाय का वो माजा हात?"

"आहे, ठकूबाई."

"मला कायच कळंना झालंय. हाय म्हनता तर हाय."

सहाव्या टाक्याला मला ते दिसलं. सुई वर येताना तिच्याबरोबर एक पांढरी, केसाएवढी कड उचलली गेली. मागची भिंत. क्षणभरच दिसली, मग रक्ताच्या थेंबाखाली गेली. माझ्या तोंडात शब्द आला आणि मी तो गिळला. नर्सिंगच्या शाळेत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं, डॉक्टरांनी विचारलं तर सांगायचं, आपण होऊन बोलायचं नाही. आणि हे तर असे डॉक्टर की ज्यांच्या हाताकडे बघायला पुण्याहून माणसं यायची. त्यांना कळलं नसेल आणि मला कळलं, असं कसं होईल? मलाच चुकीचं दिसलं असणार. मी पुढचा धागा दिला. सातवा झाला, आठवा झाला, नववा झाला.

चाप काढले, आधी बोटांकडचा, मग कोपराकडचा. डॉक्टरांची पद्धत होती, चाप काढल्यावर कोमट पाण्याची घडी ठेवून पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. घडी उचलली. कोपराकडून नस टम्म फुगून शिवणीपर्यंत आली होती. शिवणीच्या पलीकडे चपटी, रिकामी. डॉक्टरांनी करंगळीचं नख दाबून सोडलं. ते पांढरंच राहिलं.

धाकटे डॉक्टर हळूच म्हणाले, "सर, चार तास झालेत. बांधून टाकू या. दुसरी बघू."

डॉक्टरांनी पुन्हा एकदा नख दाबून पाहिलं. मग म्हणाले, "उसवा. सगळं."

पडद्यापलीकडून आवाज आला, "काय उसवताय वो?"

मला वाटलं डॉक्टर म्हणतील, काही नाही, पडून राहा. त्या काळी कुठलाही डॉक्टर तेच म्हणाला असता. आमच्या डॉक्टरांनी मान वाकवून पडद्याच्या कडेनं तिच्याकडे पाहिलं. "माझा टाका चुकला, ठकूबाई. काढून परत घालतो."

ठकूबाई म्हणाली, "घाला की मग. वाकळंचा टाका आमचा बी चुकतो. उसवल्याबिगर व्हतंय का?"

कापताना डॉक्टरांना सहावा टाका सापडला. मागची भिंत धरून बसलेला. त्यांनी तो चिमट्यात धरून भिंगासमोर नेला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सिस्टर, तुम्हाला दिसलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "दिसलं होतं."

आता काय होईल याची मी वाट बघत होते. ट्रे फेकून मारणारे सर्जन मी पाहिले होते. डॉक्टर म्हणाले, "मग चूक माझी. तुम्हाला बोलता येईल अशी सोय मी ठेवलीच नाही. आता प्रत्येक टाक्याला मला सांगायचं. मोठ्यानं. मागची मोकळी, की मागची अडकली. मी विचारणार नाही, तुम्ही सांगायचं."

नसेची टोकं पुन्हा साफ केली. ती आखूड पडली म्हणून मनगट किंचित वाकवून घेतलं. पहिला टाका. माझा आवाज फाटला, पण निघाला. "मागची मोकळी." दुसरा. "मागची मोकळी." पाचव्यापासून ठकूबाईही पलीकडून माझ्याबरोबर म्हणायला लागली, आरतीला साथ धरावी तशी. अर्थ तिला काय कळत होता देव जाणे. नवव्या टाक्यानंतर चाप काढले, पाच मिनिटं गप्प उभे राहिलो, आणि डॉक्टरांनी नख दाबून सोडलं. मेणासारखं होतं ते हळूहळू गुलाबी झालं. मी रडले, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, "डोळे पुसू नका, हात निर्जंतुक आहेत. दुसरी नस घेऊ."

ठकूबाईला ती कापणी साधली नाही, पुढच्या वर्षीची साधली. बोटांत थोडा बधिरपणा राहिला तो राहिलाच. दीडेक वर्षानं ती जुन्या लुगड्यांची एक वाकळ घेऊन आली, त्याच हातानं शिवलेली. टाके कुठे लांब, कुठे आखूड, एका कोपऱ्यात उसवून पुन्हा घातलेले. डॉक्टरांनी चष्म्याची भिंगं लावली आणि एकेक टाका तपासू लागले. उलटी करून पाठ बघितली. मग गंभीर तोंडानं म्हणाले, "ठकूबाई, मागची अडकली आहे हो."

"अवो डाक्टर, वाकळ हाय ती! मागची अडाकली न्हाई तर मानूस पांघरनार काय?" असं म्हणून ती इतकी हसली की बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. ती वाकळ डॉक्टरांच्या पलंगावर शेवटपर्यंत होती.

त्यानंतर आमच्या ऑपरेशनच्या खोलीत तो नियमच झाला. बाहेरून बघायला आलेले सर्जन आधी दचकायचे, एक नर्स मध्येमध्ये काय ओरडते म्हणून. किती नसा झाल्या मी मोजल्या नाहीत. सगळ्या काही जगल्या नाहीत. पण कधी अडकली तर मी सांगायचे, डॉक्टर उसवायचे, आणि तो शब्द उच्चारताना मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचा दिवस पुढे यायचा होता.

तो बऱ्याच वर्षांनंतरच्या आषाढातला. कुसगावचा एक सुतार पटाशीनं तळहात फाडून घेऊन आला होता. तळहातातली नस, फार बारीक. डॉक्टर इरलं खुंटीला अडकवून, हात धुऊन आले. पहिले दोन टाके नीट गेले. तिसऱ्याला मला कड दिसली. "मागची अडकली." त्यांनी उसवलं, पुन्हा घातला. "अडकली." या वेळी मी त्यांच्या हाताकडेही पाहिलं. सुईचं टोक थरथरत होतं, अगदी बारीक, भिंगाशिवाय कुणाला दिसलं नसतं. ते डॉक्टरांनीही पाहिलं होतं. त्यांनी हात खाली टेकवले, श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा सुई घातली.

कड पुन्हा उचलली गेली. एकदा, एकदाच गप्प बसावं, कदाचित रक्त जाईलही, असं माझ्या मनात आलं. मग ठकूबाईची ती पांढरी नखं डोळ्यापुढे आली.

"अडकली, डॉक्टर."

त्यांनी वर पाहिलं. भिंगामागे त्यांचे डोळे फार मोठे दिसायचे. "नक्की?"

"नक्की."

एरवी ते सुईचा चिमटा माझ्या हातात टाकायचे. त्या दिवशी त्यांनी तो अलगद ठेवला. धाकट्या डॉक्टरांना म्हणाले, "इकडे या तुम्ही," आणि स्वतः टेबलाला वळसा घालून त्यांच्या जागी गेले. भिंगं काढली नाहीत. धाकट्या डॉक्टरांनी टाका उसवून नवा घातला, आणि मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज आला, "मागची मोकळी." प्रत्येक टाक्याला, शेवटपर्यंत, थोरले डॉक्टरच सांगत होते. मी नुसता धागा देत राहिले. सुताराचा तळहात गुलाबी झाला.

बाहेर आल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि विचारलं, "सिस्टर, चहा आहे का?" मी दोन कप केला. त्यांनी तो बशीत ओतून, फुंकर मारत, अगदी सावकाश प्यायला. बशी हलत होती आणि त्यांनी ती हलू दिली.

जायला निघाले तेव्हा पाऊस आडवा होता. मी खुंटीवरचं इरलं काढून पुढे केलं. ते म्हणाले, "राहू दे. तुमची छत्री द्या."

माझी छत्री बायकी, निळ्या फुलांची. ती घेऊन ते गेले. मी खिडकीतून बघत होते. फाटकापाशी वाऱ्यानं छत्री उलटी केली आणि त्यांना ती सरळ करता येईना, सवयच नव्हती. मग कशीबशी ती सुलटी झाली, आणि डॉक्टर दोन्ही हातांनी दांडा घट्ट, अगदी मुठी आवळून धरून, पावसातून घराकडे चालू लागले.